'खाडी' ह्या शब्दाविषयीं

गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. दिवेलागण होऊन परवचा आटोपली होती आणि माझा सातवींतला नातू माजघराच्या उंबऱ्याशीं वही घेऊन बसला होता. 'आपला देश' ह्या विषयावर त्यानें निबंध लिहिला होता व तो मोठ्यानें वाचून दाखवीत होता. उत्तरेस हिमालय आला, पश्चिमेस अरबी समुद्र आला, आणि मग वाक्य आलें, "पूर्वेस बंगालची खाडी आहे." मी सुपारी कातरीत होतों, अडकित्ता तसाच राहिला. मीं विचारलें, "बंगालची काय?" तो म्हणाला, "खाडी, आजोबा. बाईंनीं बरोबर दिलंय." आणि त्यानें वही पुढें केली. खरोखरच शेजारीं बरोबरची खूण होती.

मग काय विचारतां! एकत्र कुटुंबांत अशा प्रसंगीं कोणी मुका राहत नाहीं. माझा पुतण्या मुंबईस नोकरीला असतो, तो सुटीवर आला होता. तो म्हणाला, "काका, पाणी तें पाणी. हल्लीं बातम्यांतसुद्धां असंच म्हणतात." धाकटी सून इंदूरची. तिचें माहेर तीन पिढ्या तिकडे असून घरांत शुद्ध मराठी चालतें. परंतु शाळा हिंदी. ती जरा संकोचून म्हणाली, "बाबा, आमच्याकडे सगळे 'बंगाल की खाडी'च म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकांत तसंच होतं." एवढ्यांत स्वयंपाकघरांतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "म्हणजे आपल्या गांवची खाडी बंगालपर्यंत जाते कीं काय?" सगळे हंसले. मीं सवयीनें खिशाला हात घालून तांबडें पेन काढलें. आणि तें वहीवर टेकवणार तोंच माझा हात आवरला गेला. तो कां आवरला तें पुढें सांगेन. त्या रात्रीं मीं एवढेंच म्हटलें कीं, ह्या शब्दाचा निकाल आपण सावकाश लावूं. तो लावतांना जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम सुनेची बाजू. हिंदींत समुद्राचा जो भाग जमिनींत शिरून तीन बाजूंनीं वेढला गेला असेल तो, लहान असो वा थोर, बहुधा 'खाडी'च म्हणविला जातो. आपला बंगालचा उपसागर ही त्यांची खाडी. कच्छ आणि खंबायत येथील आखातें ह्याहि खाड्या. आणि इराण व अरबस्तान ह्यांमधील समुद्राकांठचीं तेलसंपन्न राज्यें ते 'खाडी देश'. हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडीं हा प्रयोग अगदीं निर्दोष आहे, आणि सुनेला त्याबद्दल ओशाळें वाटण्याचें कांहींएक कारण नाहीं. मराठीनें मात्र हेंच काम चार शब्दांना वांटून दिलें आहे. उघड्या तोंडाचा, विस्तीर्ण, तो उपसागर. जमिनींत खोल शिरलेलें, वेढलेलें, तें आखात. दोन समुद्रांना जोडणारी चिंचोळी वाट ती सामुद्रधुनी. आणि चौथी ती खाडी. म्हणूनच १९९१ सालीं इराणच्या आखातांत युद्ध पेटलें तेव्हां मराठी वृत्तपत्रांनीं त्यास 'आखाती युद्ध' म्हटलें. आपलीं माणसें तिकडे नोकरीला गेलीं तीं 'आखातांत' गेलीं. खाडींत गेला असें कोणी म्हटलें असतें तर घरच्यांनीं रडारड केली असती.

ह्यांपैकीं 'आखात' हा शब्द मला फार दिवस चकवीत असे. लहानपणीं वडिलांनीं अमरकोश पाठ करून घेतला, त्यांत 'अखात' येतें. पण तें समुद्राच्या प्रकरणांतलें नव्हे, तळ्यांच्या यादींतलें. माणसानें खणलें तें खात. कोणीं खणलें नाहीं, आपोआप झालें, तें अखात, म्हणजेच देवखात. देवानें खणलेल्या ह्या डबक्याला मराठीनें वाढवून वाढवून समुद्राएवढें केलें! आधुनिक राष्ट्रांनासुद्धां ह्या शब्दांच्या सीमा आंखाव्या लागल्याच. १९८२ सालच्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारांत उपसागर कशाला म्हणावें ह्याची भूमितीच दिली आहे. किनाऱ्याच्या त्या वळणाच्या मुखावर एक सरळ रेषा ओढावी, ती रेषा व्यास धरून अर्धवर्तुळ काढावें, आणि आंतील पाण्याचें क्षेत्र निदान त्या अर्धवर्तुळाएवढें भरलें तरच त्यास उपसागर म्हणावें. एरवीं तें नुसतें किनाऱ्याचें वांकण. शब्दाच्या अर्थावर एवढा खल करणाऱ्या त्या कायदेपंडितांबद्दल माझ्यासारख्या मास्तराला आपुलकी वाटल्यावांचून राहिली नाहीं.

आतां आपली खाडी. वरील तिघांहून ती जातीनेंच निराळी आहे. उपसागर, आखात आणि सामुद्रधुनी हे समुद्राचे अवयव. खाडी जितकी समुद्राची तितकीच नदीची. आपल्या कोंकणांत ती किती आहे तें पाहण्यासाठीं वरून खालीं नुसतीं नांवें घेत जावें. धरमतरची खाडी, रेवदंड्याची खाडी, बाणकोटची खाडी, दाभोळची खाडी, जयगडची खाडी, भाट्याची खाडी, पूर्णगडची खाडी, विजयदुर्गची खाडी, थेट तेरेखोलपर्यंत. ही नामावळी मीं वर्गांत शेंकडों वेळां म्हणवून घेतली असेल. पण तिच्यांतील एक गंमत निवृत्त झाल्यावर ध्यानांत आली. नदीचें नांव एक आणि तिच्याच खाडीचें नांव दुसरें! सावित्री जाते आणि खाडी होते बाणकोटची. वाशिष्ठीची होते दाभोळची, शास्त्रीची जयगडची, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची, कुंडलिकेची रेवदंड्याची, अंबेची धरमतरची. लग्नांत मुलीचें नांव बदलतात तसाच हा प्रकार.

असें कां व्हावें? माझा आपला तर्क असा. नद्यांना नांवें दिलीं तीं डोंगराकडून खालीं पाहणाऱ्या लोकांनीं. त्यांच्या डोळ्यांपुढें उगम होता, उगमापाशीं एखादें देऊळ होतें, आणि जिभेवर पुराणें होतीं. म्हणून वसिष्ठ आले, मुचकुंद आला, सावित्री आली. खाड्यांना नांवें दिलीं तीं समुद्राकडून आंत पाहणाऱ्या खलाशांनीं. गलबत घेऊन येणाऱ्याला ही नदी कोणत्या ऋषीच्या आश्रमापाशीं उगवली ह्याच्याशीं काय कर्तव्य? त्याला मुखावरचें बंदर आणि बंदरावरचा किल्ला दिसतो, आणि त्या ओळखीवर तो आंत शिरतो. म्हणजे एकाच पाण्याला दोन नांवें दोन निरनिराळ्या दिशांनीं चालत आलीं आणि मध्येंच कोठेंतरी भेटलीं. आमच्या बाजूस विचाराल तर चिपळुणास 'वाशिष्ठी' म्हणतात आणि खालीं दाभोळास 'खाडी'. मधल्या गांवचीं माणसें एकाच वाक्यांत दोन्हीं शब्द वापरतात आणि त्यांना त्यांत कांहींच खटकत नाहीं.

शब्दाच्या कुळाविषयीं थोडें. खाडी हा खड्डा, खाड, खळगा ह्या गोतांतला देशी शब्द. मोल्सवर्थसाहेबानें तो आपल्या कोशांत नोंदविला आहे. परंतु मला तरुणपणीं तो गांवढळ वाटे. पाठशाळेंत पंचकाव्यें झालेलीं, अंगांत संस्कृताचा ताठा. त्यामुळें मी मुलांना 'नदीमुख' लिहावयास लावीत असें. संस्कृतांत शब्दांची वाण नाहीं. 'वेला' हाच शब्द घ्या. समुद्राच्या पाण्याची चढउतार, काळ आणि मर्यादा असे तिन्ही अर्थ अमरसिंहानें त्यास दिले आहेत, आणि आपण घड्याळाकडे पाहून जी 'वेळ' म्हणतों ती ह्याच समुद्रांतून आलेली आहे. पण खाडीला नेमका प्रतिशब्द मला संस्कृतांत आजवर सांपडला नाहीं. नदीमुख म्हणजे नदीचें तोंड. आणि खाडी म्हणजे केवळ तोंड नव्हे, समुद्रापासून कित्येक कोस आंतपर्यंतचा तो सारा गळा आहे. विजयदुर्गच्या खाडीवरील खारेपाटण पाहा. समुद्रापासून चांगलेंच आंत, तरी जुनें नांदतें बंदर. तेथें शिलाहार राजा रट्टराज ह्याचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट सांपडला. एवढ्या आंत व्यापार आणला कोणीं? भरतीच्या पाण्यानें.

आतां त्या तांबड्या पेनाची हकीकत. १९८२ सालीं मी दाभोळच्या खाडीकांठच्या एका लहान गांवीं शिक्षक होतों. शाळा पलीकडच्या तीरावर. रोज सकाळीं तरीतून जावें आणि संध्याकाळीं तरीतून यावें. सहामाही परीक्षेंत मीं भूगोलाच्या पत्रिकेंत प्रश्न घातला, 'खाडी म्हणजे काय?' दोन गुण. अपेक्षित उत्तर पुस्तकांतलें, 'समुद्राचा जमिनींत शिरलेला चिंचोळा फांटा'. तरीवाल्याचा मुलगा वर्गांत होता. अंगानें काटक, शुद्धलेखन भयंकर. त्यानें लिहिलें होतें : 'जिथं पाणी दोन्हीकडं वाहतं ती खाडी.' मीं त्यावर तांबडी फुली मारली, शून्य दिलें, आणि समासांत लिहिलें, 'पाणी दोन्हीकडे वाहत नाहीं. उताराकडे वाहतें.' दुसरे दिवशीं पेपर वांटल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुर्जी, आज सकाळी तुम्ही तरीत होतात तेव्हा पाणी वर चाललं होतं." मीं वर्गाला उद्देशून कांहींतरी विनोद केला. मुलें हंसलीं. तो खालीं बसला. त्या वर्षांत त्यानें पुन्हा हात वर केल्याचें मला आठवत नाहीं.

ह्यांत अधिक लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. त्याच महिन्यांत सायंकाळच्या फावल्या वेळीं मी दोन मोठ्या मुलांना रघुवंश शिकवीत असें. तेराव्या सर्गांत राम पुष्पक विमानांतून सीतेला समुद्र दाखवितो, त्यांत नद्यांच्या मुखांचें वर्णन आहे. समुद्र नद्यांना पितो आणि उलट त्यांना पाजतोहि, असा त्या कल्पनेचा मथितार्थ. त्या ठिकाणीं मी डोळे मिटून मान डोलवीत असें. दोन्हीं बाजूंच्या ह्या देवाणघेवाणीचें मर्म अर्धा अर्धा तास उकलून दाखवीत असें. कालिदासानें म्हटलें तें काव्य, आणि तरीवाल्याच्या पोरानें म्हटलें तें शून्य गुण! दोहोंचा संबंध मला तेव्हां दिसला नाहीं. रोज दोन वेळां त्याच पाण्यावरून जात होतों, तरी दिसला नाहीं.

तो दिसला १९ वर्षांनीं नव्हे, २९ वर्षांनीं नव्हे, तर तब्बल ३९ वर्षांनीं. माझी कन्या चिपळुणास असते. २०२१ च्या जुलै महिन्यांत मी तिच्याकडे गेलों होतों. २२ जुलै, आषाढ शुद्ध त्रयोदशी. रात्रभर पाऊस ओतत होता. सकाळीं उठून पाहतों तों अंगणांत पाणी, थोड्याच वेळांत तें जोत्यावर, आणि मग जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. आम्ही माणसें, देव आणि धान्याचे दोन डबे घेऊन वरच्या मजल्यावर गेलों. नातीनें मला विचारलें, "आजोबा, नदी समुद्रांत कां जात नाही?" किती सरळ प्रश्न! आणि मला उत्तर येत होतें. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. मध्यान्हापूर्वी भरतीचा माथा. वरून नदी येत होती आणि खालून समुद्र चढत होता. जाणाऱ्या पाण्याला दारांतच कोणीतरी उभें होतें. अतिवृष्टि हें त्या पुराचें मुख्य कारण, ह्यांत वाद नाहीं. पण खाडीकांठच्या गांवाला पूर केव्हां उतरेल हें आभाळाला विचारून चालत नाहीं, तिथीलाहि विचारावें लागतें. त्या जिन्यावर बसून गढूळ पाण्याकडे पाहत असतां मला ती तांबडी फुली आठवली. 'जिथं पाणी दोन्हीकडं वाहतं.'

भरतीच्या हिशेबाचें सूत्र आपल्या घरच्या पंचांगांतच असतें, पण तें कोणी वापरीत नाहीं म्हणून येथें देतों. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. जें येईल त्या तासाच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळीं व संध्याकाळीं सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीन. पौर्णिमा व अमावास्या ह्या दिवशीं पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. व्यवहारांत बाराच्या आसपास धरतात. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांनीं. रोज भरती पाऊण तासानें पुढें जाते ती ह्याचमुळें. हा हिशेब मुखाशीं लागू. खाडींत जसजसें आंत जावें तसतसा भरतीचा माथा उशीरां पोहोंचतो. पौर्णिमा-अमावास्येचें तें उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची भरती, हें कोंकणांतल्या वाचकांना सांगणें नको. आमच्याकडचे खलाशी ओहोटीला 'सुकती' म्हणतात. शब्द मला फार आवडतो.

आणि ह्या खाड्या मुळांत झाल्या कशा? भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात कीं, सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, हिमयुगाच्या ऐन भरांत, समुद्राची पातळी आजच्याहून शंभर मीटरांहूनहि अधिक खालीं होती. तेव्हां नद्यांनीं आपलीं खोरीं खोल खणलीं. पुढें बर्फ वितळलें, समुद्र चढला आणि त्या खोऱ्यांच्या खालच्या भागांत शिरला. म्हणजे खाडी हें एक बुडालेलें खोरें आहे. पूर्वेकडच्या कृष्णा-गोदावरींनीं आपल्या मुखाशीं गाळ टाकून टाकून त्रिभुज प्रदेश बांधले व समुद्राला मागें लोटलें. आमच्या आंखूड, उतरणीच्या नद्यांना तेवढी शक्ति झाली नाहीं, त्यांनीं समुद्राला घरांत घेतलें. महाबळेश्वरास एकाच देवळांत पांच नद्यांचे उगम दाखवितात. त्यांपैकीं कृष्णा सुमारें चौदाशें किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. तिचीच बहीण सावित्री शंभरेक किलोमीटरांत बाणकोटची खाडी होते. सख्ख्या बहिणी; एकीच्या वाट्याला उपसागर आला, दुसरीच्या वाट्याला खाडी. बंगालची खाडी म्हणणाऱ्या मुलाला समजावयाला ह्याहून सोपें उदाहरण मला सुचत नाहीं.

परंतु येथें सौभाग्यवतींच्या त्या थट्टेला एक उत्तर आहे, तें सांगितलेंच पाहिजे. तिसरी बहीण कोयना. ती कृष्णेला कऱ्हाडास मिळते, म्हणजे तिचें पाणी बंगालच्या उपसागराचें. पण १९६२ पासून तिच्या धरणाचें पुष्कळसें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरवून त्यावर वीज करतात, आणि तें पाणी पुढें वाशिष्ठींत सोडलें जातें. वाशिष्ठीची होते दाभोळची खाडी. तेव्हां आमच्या गांवची खाडी बंगालपर्यंत जात नसली तरी बंगालला जावयाचें पाणी आमच्या खाडींत येतें हें खरें! हें ऐकून ती म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हटलं होतं?"

खाडीच्या पाण्याची चव हाहि तिच्या व्याख्येचा भाग आहे. गोडें नव्हे, खारें नव्हे, मचूळ. पावसाळ्यांत गोडें पाणी समुद्राला लांब रेटतें, वैशाखांत समुद्र वर सरकतो आणि कांठच्या विहिरीसुद्धां मचूळतात. ह्या सरकत्या सीमेवर कोंकणच्या शेतकऱ्यानें पिढ्यानपिढ्या बांध घालून खाजणें कसलीं आहेत. बांधाला उघाडी ठेवावयाची, ओहोटीला शेतांतलें पाणी बाहेर जातें, भरतीला दार आपोआप मिटतें. गोमंतकांत हीच विद्या खाजन ह्या नांवानें फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. मुंबई सरकारनें १९४८ सालीं आणि पुढें महाराष्ट्र सरकारनें १९७९ सालीं ह्या खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदे केले. खाडींतले मासे व कालवें ह्यांविषयींहि पुष्कळ लिहितां येईल. पण तो अधिकार आमच्या स्वयंपाकघराला नाहीं.

शब्दाचा अर्थ केवळ पुस्तकी गोष्ट असती तर मीं एवढा पसारा मांडला नसता. माझ्या चुलतभावाची वडिलोपार्जित जागा वरच्या अंगाला, पाण्याच्या कांठीं आहे. मुलाचें लग्न झालें, घर अपुरें पडूं लागलें, म्हणून मागल्या बाजूस दोन खोल्या काढाव्या असा बेत झाला. अर्ज केला. कचेरींत पहिला प्रश्न निघाला, "ही नदी कीं खाडी?" आजोबांच्या वेळच्या खरेदीखतांत चतुःसीमा देतांना 'पश्चिमेस खाडी' असें लिहिलें आहे, नंतरच्या कागदांत 'नदी'. नदी असेल तर पूररेषा पाहावयाच्या, निळी आणि तांबडी. खाडी असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम पाहावयाचे. हे नियम प्रथम १९९१ सालीं निघाले. २०११ च्या अधिसूचनेंत भरतीच्या रेषेपासून १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकें, ह्यांपैकीं जें कमी तें अंतर धरलें होतें. २०१९ च्या अधिसूचनेंत त्या १०० चे ५० मीटर झाले. आणि समुद्राचा अंमल नदींत कोठपर्यंत मानावा? तर वर्षांतल्या अगदीं कोरड्या दिवसांत पाणी तपासावें आणि हजार भागांत क्षाराचे पांच भाग जेथपर्यंत भरतील तेथपर्यंत. भाऊ मला म्हणाला, "दादा, तूं एवढा संस्कृत शिकलास, आमच्या दारचं पाणी नदी कीं खाडी तें एका कागदावर लिहून दे बघूं." मीं काय लिहून देणार? त्याचे कागद अजून फिरत आहेत. नवी सून तूर्त माजघरांत पडदा लावून राहते आहे.

ह्या कायद्याची भाषा मीं दोनदां वाचली. तींत उंच भरतीची रेषा आहे, क्षाराचें प्रमाण आहे, ऋतूचा उल्लेख आहे. नुसत्या 'जमिनींत शिरलेल्या चिंचोळ्या फांट्या'नें भागलेलें नाहीं. समुद्राचें पाणी वर कोठपर्यंत येतें, हेंच त्यांनाहि शेवटीं विचारावें लागलें. म्हणजे दोन गुणांचें उत्तर माझ्या पेपरांत एकच होतें आणि त्यालाच मीं शून्य दिलें होतें.

नातवाच्या निबंधावर मीं फुली मारली नाहीं. शिसपेन्सिलीनें 'खाडी' खालीं एक रेघ ओढली आणि शेजारीं 'उपसागर?' एवढें लिहिलें. त्याच्या बाईंना चिठ्ठी पाठवावी असें पुतण्या म्हणत होता. मीं नको म्हटलें. पौष वद्य अष्टमीला शाळेला सुटी होती, त्या दिवशीं त्याला घेऊन मी त्या जुन्या गांवीं गेलों. आतां पलीकडे जावयाला मोटारी वाहून नेणारी मोठी बोट खालच्या अंगाला आहे, पण त्या ठिकाणची लहान तर अजून चालते. यंत्र बसविलें आहे एवढेंच. यंत्राशीं पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ बसला होता. मीं त्याला ओळखलें नाहीं. त्यानें मला ओळखलें. "गुर्जी!" म्हणून तो उठला आणि वांकून नमस्कार केला.

मीं त्याला सगळें सांगितलें. १९८२ ची सहामाही, तो प्रश्न, तें उत्तर, ती फुली, माझा तो विनोद. म्हटलें, "बाबा रे, तुझे दोन गुण माझ्याकडे राहिले आहेत." तो नीट ऐकत होता, मग डोकें खाजवून म्हणाला, "मला काय आठवत नाय गुर्जी. पाढ्यांबद्दल तुम्ही छडी मारली होती ती आठवते." मी गप्प बसलों. नातू माझ्याकडे पाहून हंसूं लागला, मग त्यानें धीर करून त्या गृहस्थाला विचारलें, "काका, खाडी म्हणजे काय?"

सकाळचे नऊ साडेनऊ झाले होते. भरती केव्हांच मोडली होती आणि पाणी दाभोळकडे ओढ घेत होतें. बांधाच्या कडेला चिखल उघडा पडूं लागला होता. त्यानें बांधावरची एक सुकी काटकी उचलून पाण्यांत टाकली. ती तुरुतुरु पश्चिमेकडे निघाली.

"ही कुठं चालली बघ," तो नातवाला म्हणाला, "आणि गुर्जींना घेऊन दुपारी चाराला परत ये. तेव्हा दुसरी टाकू."